कात्री कोणावर चालते?

छापील चित्रे कापून, त्यांचे तुकडे एकावर एक चिकटवून, त्यांत अक्षरांचे कपटे मिसळून जे नवे चित्र तयार होते त्यास कला म्हणावे की चोरी म्हणावे, हा प्रश्न पुन्हा पुन्हा उकरून काढला जातो आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर घाईने दिले जाते. एक पक्ष म्हणतो, ज्याने हाती कुंचला धरला नाही, कॅमेऱ्याच्या भिंगाला डोळा लावला नाही, त्याने दुसऱ्याच्या श्रमावर हात मारला, तो चोर. दुसरा पक्ष म्हणतो, जगात एकदा प्रकट झालेली प्रतिमा सर्वांची. कलावंताच्या कात्रीस कसलीही आडकाठी असू नये. आम्ही वकिली करतो. चोर हा शब्द आमच्या धंद्यात सैलपणे वापरता येत नाही. आणि 'ही मालमत्ता सर्वांची' असे कोणी म्हणू लागला की ती अखेर कोणाच्या नावावर चढली, हे सातबारा काढून पाहण्याची आम्हास खोड आहे. या दोन्ही पक्षांस आमचा विरोध आहे. तो का, हे येथे मांडावयाचे आहे.

या विषयाचा आमच्या वाचकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. पहिले असे की, ही कला आपल्या घरात केव्हाच आलेली आहे. तालुक्याच्या गावच्या फोटो स्टुडिओत जाऊन आजोबांचा एका साली काढलेला फोटो आणि आजीचा दुसऱ्या साली काढलेला फोटो कापून एका चौकटीत शेजारी शेजारी बसवून घेतलेला कोणी पाहिला नाही? आजोबांच्या अंगात त्यांनी जन्मात न घातलेला कोट असतो, मागे कधी न पाहिलेला बगीचा असतो. त्यास कोलाज म्हणा, चिकटचित्र म्हणा. कोणी त्यास चोरी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. दुसरे असे की, चित्रशाळांतून, मासिकांतून, जाहिरातींतून कच्चा माल म्हणून जे चेहरे वापरले जातात ते फार वेळा गरिबांचे असतात. चेहरा ज्याचा, त्यास या व्यवहारात किती हिस्सा मिळतो हा हक्काचा प्रश्न आहे, आणि हक्काचे प्रश्न रसिकांवर सोपवून आपण स्वस्थ बसू नये.

पहिल्या पक्षाने जरा जर्मनीकडे पाहावे. १९१६ साली, महायुद्ध ऐन भरात असता आणि बर्लिनमध्ये इंग्रजद्वेषाची लाट उसळली असता, हेल्मुट हेर्त्सफेल्ड नावाच्या तरुणाने निषेधादाखल आपले नावच इंग्रजी करून टाकले: जॉन हार्टफील्ड. याच माणसाने पुढे छायाचित्रे कापून जोडण्याच्या युक्तीचे राजकीय हत्यार केले. जर्मन कामगारांच्या एका सचित्र साप्ताहिकाचे ऑक्टोबर १९३२ मधील त्याचे मुखपृष्ठ प्रसिद्ध आहे. त्यात हिटलर आपल्या ठराविक पद्धतीने तळहात मागे वाकवून सलामी देत उभा आहे. त्याच्या मागे एक प्रचंड देहाचा, सुटाबुटातील इसम आहे. तो इतका उंच की त्याचा चेहरा कागदाच्या बाहेर राहिला आहे. हा बिनचेहऱ्याचा इसम हिटलरच्या त्या तळहातावर नोटांची चळत ठेवीत आहे. सोबत हिटलरचीच गर्जना छापली आहे की, माझ्या पाठीशी लक्षावधी उभे आहेत. लक्षावधी माणसे की लक्षावधी मार्क, हे चित्र पाहिल्यावर कोणास विचारावे लागत नाही.

आता, यात हार्टफील्डचे स्वतःचे काय? हिटलर त्याने रंगविला नाही, वाक्य त्याने रचले नाही. त्याने जोडणी केली. कागद एका दप्तरात असतो, त्याचे उत्तर दुसऱ्या दप्तरात असते, आणि दोन्ही एकापुढे एक ठेवले म्हणजे लबाडी उघडी पडते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. ते दोन कागद शोधून शेजारी ठेवणे यालाच बुद्धी लागते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रात त्याने हिटलरच्या छातीचे क्ष-किरण चित्र दाखविले आहे. मणक्यांच्या जागी सोन्याच्या नाण्यांची उतरंड आहे. हा पुरावा राज्यकर्त्यांस किती झोंबला, हे पुढच्याच वर्षी दिसले. एप्रिल १९३३ मध्ये हार्टफील्डला बर्लिनमधील घर सोडून प्रागला पळावे लागले आणि १९३८ साली तेथूनही लंडन गाठावे लागले.

जे लोक परवानगीवाचून कात्री लावूच नये म्हणतात, त्यांना आमचा साधा सवाल आहे. हिटलरचा खासगी छायाचित्रकार हाइन्रिश हॉफमान याने हिटलरच्या छबीच्या हक्कांवर अमाप पैसा मिळविला. हिटलरचे सोंग उघडे पाडावयाचे तर ज्याचे पोट त्या सोंगावर चालते त्या हॉफमानकडे अर्ज करावयाचा काय? आणि तो नाही म्हणाला तर गप्प बसावयाचे काय?

हार्टफील्डच्याच वर्तुळातील हाना ह्योख हिने १९१९-२० च्या सुमारास मोठे चिकटचित्र केले. त्यास तिने स्वयंपाकघरातील सुरीचे नाव दिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मंत्र्यांची व सेनापतींची डोकी नाचणाऱ्या बायकांच्या धडांवर बसवून तिने वायमार प्रजासत्ताकातील पुरुषी थाटामाटाची गठडी वळली आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, युरोपात ज्या देशांतून स्त्रियांस मताचा अधिकार मिळाला होता ते दाखविणारा नकाशा चिकटविला. ज्यांना त्या कोपऱ्यातील कागदाचा तुकडा दिसत नाही त्यांनी या कलेवर मत देऊ नये.

अक्षरांचेही तसेच. हानोव्हरच्या कुर्ट श्वित्तर्सने १९१९ साली एका बँकेच्या जाहिरातीतून 'कोमेर्त्स' म्हणजे व्यापार हा शब्द कापला. त्याचे पुढचे टोक गळाले आणि 'मेर्त्स' एवढेच उरले. या अर्थहीन अवयवाला त्याने आपल्या सगळ्या कलेचे नाव केले. ट्रामची तिकिटे, वेष्टणे, वर्तमानपत्राचे कपटे, फुटलेले लाकूड, जे युद्धाने आणि महागाईने रस्त्यावर आणून टाकले होते तेच त्याने चित्रात घेतले. नाझींनी १९३७ साली म्युनिकमध्ये 'अधःपतित कला' म्हणून जे प्रदर्शन भरविले त्यात त्याची चित्रे टिंगलीसाठी टांगली होती. व्यापाऱ्याच्या अक्षराने व्यापाऱ्याचीच सेवा करावी, हा दंडक मोडल्याचा राग काही लोकांना अजून आहे.

पॅरिसमध्ये १९४९ साली जाक व्हिलग्ले आणि रेमों हॅन्स या दोघांनी याच्या उलट वाट धरली. चिकटविण्याऐवजी त्यांनी भिंतीवरून सोलले. एकावर एक चिकटलेल्या भित्तिपत्रकांचे, येणाऱ्याजाणाऱ्यांनी फाडलेले थर त्यांनी भिंतीवरून उतरवून कापडावर चढविले. वरच्या थरातून खालच्या थराची अर्धी अक्षरे डोकावतात. गंमत अशी की, फ्रान्समध्ये भित्तिपत्रकांचे नियमन करणारा कायदा २९ जुलै १८८१ चा, आणि तोच वृत्तपत्रस्वातंत्र्याचाही कायदा आहे! व्हिलग्लेने आपल्या कामाचे श्रेय स्वतःकडे घेतले नाही. कर्ता तो अनाम फाडणारा, असे तो म्हणे. आणि पुष्कळ चित्रांना त्याने ज्या रस्त्यावरून ती उचलली त्या रस्त्याचेच नाव दिले. २०२२ साली मरेपर्यंत तो हे मानीत राहिला. घेतले कोठून ते लिहून ठेवणे, एवढा साधा प्रामाणिकपणा पाळला तर कला आटत नाही, याला हा चांगला दाखला आहे.

पण या सगळ्यांत आमच्या मते थोर माणूस अमेरिकेतील रोमेर बीअर्डन. १९११ साली उत्तर कॅरोलिनातील शार्लट गावी, गुलामगिरीची आठवण अजून ताजी असलेल्या प्रदेशात हा कृष्णवर्णीय चित्रकार जन्मला. न्यूयॉर्कमध्ये तो कित्येक वर्षे सरकारी समाजकल्याण खात्यात नोकरी करी आणि उरलेल्या वेळात चित्रे काढी. १९६३ साली वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा निघावयाचा होता. त्या सुमारास न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय चित्रकारांनी 'स्पायरल' नावाचे मंडळ काढले, आणि आपण सर्वांनी मिळून मासिकांतील कात्रणांचे एक चित्र करावे अशी सूचना बीअर्डनने तेथे मांडली. इतरांस ती रुचली नाही. त्याने एकट्याने ते काम हाती घेतले. कात्रणांची छोटी चित्रे जुळवावयाची आणि मग त्यांच्या मोठ्या छायाप्रती काढावयाच्या, अशी त्याची रीत. १९६४ च्या शरद ऋतूत ती चित्रे न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली.

त्या चित्रांतील चेहरे नीट पाहावेत. एक डोळा एका मासिकातला, दुसरा दुसऱ्यातला. नाक एखाद्या आफ्रिकी मुखवट्याचे. हात चेहऱ्याहून मोठे, कारण कापूस वेचणाऱ्याचे हात तसेच आठवतात. अमेरिकेच्या गोऱ्या मासिकांनी काळ्या माणसाचे जे चेहरे छापले होते ते गुन्हेगाराचे, नोकराचे, नाचणाऱ्याचे, क्वचित कीव येण्याजोग्या दीनाचे. पूर्ण चेहरा त्यांत कोठेच नव्हता. बीअर्डनने ते तुकडे घेतले आणि त्यांतून हार्लेमच्या पायऱ्यांवर बसलेली, आगगाडी पाहणारी, स्नान करणारी, वाद्य वाजविणारी, आपल्याच गल्लीत आपल्याच डौलाने वावरणारी माणसे उभी केली. शिवण लपविण्याचा त्याने प्रयत्न केला नाही. ज्यांचे चित्र दुसऱ्यांनी तुकड्यातुकड्यांत काढले त्यांनी ते तुकडे परत ताब्यात घेतले, तर त्यास चोरी म्हणणाराचा आम्ही न्यायालयात आनंदाने उलटतपास घेऊ.

येथवर आम्ही कात्रीच्या बाजूने बोललो. आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, आणि त्याला आम्ही इतक्या स्वस्तात सोडणार नाही.

पॅट्रिक कॅरियू नावाचा फ्रेंच छायाचित्रकार जमैकात गेला, सुमारे सहा वर्षांच्या अवधीत तेथील रास्ताफारी लोकांत राहिला, त्यांचा विश्वास त्याने संपादन केला आणि २००० साली त्यांच्या छायाचित्रांचे 'येस रास्ता' हे पुस्तक काढले. रास्ताफारी हा १९३० नंतर जमैकात, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या वंशजांत उदय पावलेला धर्म. डोक्यावरच्या जटा ही त्यांची हौस नव्हे. ती धर्माची खूण आहे, आणि तिच्यापायी त्यांनी मार खाल्लेला आहे. आपला धर्म आपण निवडल्यावर त्याच्या खुणा अंगावर बाळगण्यास काय मोल पडते, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

हे पुस्तक अमेरिकन चित्रकार रिचर्ड प्रिन्सच्या हाती पडले. त्याने पाने फाडली, छायाचित्रे मोठी केली, कापली, थरावर थर चढविले. जटाधारी पुरुषांच्या डोळ्यांवर निळसर ठिपके लावले, एकाच्या हातात गिटार चिकटविली, शेजारी दुसरीकडून कापलेल्या उघड्या बायका आणून बसविल्या. 'कॅनल झोन' नावाने ही चित्रे २००८ साली न्यूयॉर्कच्या एका बड्या दालनात मांडली गेली. कॅरियूला विचारले नव्हते. त्याने फिर्याद केली. २०११ साली खालच्या न्यायालयाने प्रिन्सला दोषी धरले आणि न विकलेली चित्रे कॅरियूच्या स्वाधीन करण्याचा, तो म्हणेल तर नष्टही करण्याचा हुकूम दिला. २०१३ साली अपिलात तो फिरला. तीस चित्रांपैकी पंचवीस न्याय्य वापरात मोडतात, ती नवी निर्मिती आहे, असे न्यायालयाने ठरविले. पाच चित्रे फेरविचारासाठी खाली पाठविली. आणि २०१४ साली उभयपक्षी तडजोड होऊन प्रकरण मिटले.

आता निकालपत्रातील आकडे वाचावेत. पुस्तकापासून कॅरियूला मिळालेले मानधन आठ हजार डॉलरांहून किंचित अधिक. प्रिन्सची आठ चित्रे विकली गेली ती १,०४,८०,००० डॉलरांना. त्यांतील शेकडा ६० प्रिन्सचे आणि ४० दालनाचे. कॅरियूच्या बाजाराला या चित्रांनी धक्का पोहोचला काय, हा मुद्दा निघाला तेव्हा न्यायालयाने नाही म्हटले. कारण? प्रिन्सचे गिऱ्हाईक वेगळे. प्रदर्शनाच्या वेळच्या मेजवानीस निमंत्रित केलेल्या नटनट्या, गायक आणि धनाढ्य यांची नावे निकालपत्रात नमूद आहेत. असले लोक कॅरियूचे पुस्तक विकत घेणारे नव्हेत, हा त्याचा मतलब. आम्ही न्यायासनाचा आदर करतो, परंतु निकालावर टीका करण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे, म्हणून म्हणतो: येथे न्यायालयाने गिऱ्हाइकांच्या जाती पाडल्या. वरच्या बाजारात विकणाराने खालच्या बाजारातून माल उचलला तर खालच्याचे नुकसान नाही, कारण खालचा वर कधी पोहोचणारच नव्हता! हे तर्कशास्त्र आपल्या ऐकण्यात पूर्वी कधी आलेच नाही, असे कोण म्हणेल?

आणखी एक गोष्ट. साक्षीत प्रिन्सने सांगितले की, आपल्याला काही विशेष संदेश द्यावयाचा नव्हता. न्यायालय म्हणाले, त्याचा हेतू निर्णायक नाही. समंजस प्रेक्षकास चित्र कसे दिसते ते पाहावयाचे. हे तत्त्व कायद्यात बसते, आम्ही नाकारीत नाही. परंतु हार्टफील्डच्या मनातही संदेश नव्हता असे म्हणण्याची कोणाची छाती आहे काय? घर सोडून पळण्याची पाळी आणणारी कात्री आणि कोट्यवधी मिळवून देणारी कात्री यांना एकाच मापाने मोजणारा नियम अपुरा आहे, एवढेच आमचे म्हणणे.

परंतु खरा मुद्दा पुढेच आहे. या सबंध दाव्यात वादी छायाचित्रकार, प्रतिवादी चित्रकार, आणि चित्रकाराच्या बाजूस त्याचे दालन. ज्यांचे चेहरे मोठे केले, ज्यांच्या डोळ्यांवर ठिपके पडले, ज्यांच्या जटांशेजारी नग्न बायका बसविल्या, ते जमैकाचे पुरुष या दाव्यात पक्षकार नाहीत. चिकटचित्रात तीन थर असतात. वर कापणारा, मध्ये फोटो काढणारा, आणि सर्वांच्या तळाशी ज्याचा फोटो काढला तो. कायद्याला वरचे दोन थर दिसतात. तळाचा थर गोंदाखाली जातो. कॅरियूशी आमचे भांडण नाही. तो त्या लोकांत राहिला, त्यांना त्याने मानाने टिपले. तरी कायद्याच्या नजरेत त्याचा हक्क उगवतो तो कॅमेऱ्याची कळ दाबण्यातून. समोर बसण्यातून कोणाचाच हक्क उगवत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही एक वाईट उदाहरण घेऊन बसलात. मग दुसरे घ्या. जेफ कून्सने २००० साली एका मासिकातील बायकांच्या पायांचे छायाचित्र घेऊन, मिठाईच्या आणि धबधब्याच्या चित्रांवर ते लोंबकळवून 'नायगारा' हे चित्र केले. छायाचित्रकार अँड्रिया ब्लँच हिला मासिकाने दिले होते ७५० डॉलर. कून्सच्या त्या सात चित्रांच्या मालिकेस एका जर्मन बँकेने दिले २० लाख. २००६ साली तेथेही कून्स जिंकला. त्या चित्रापुरता आम्ही निकालाशी सहमत आहोत. ते छायाचित्र जाहिरातबाज जगाचे, आणि टीकाही त्याच जगावर होती. पण रकमांची शिडी तीच आहे.

पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने थोडा लगाम खेचला. लिन गोल्डस्मिथने १९८१ साली एका गायकाचे छायाचित्र काढले. १९८४ साली ४०० डॉलर घेऊन एकदाच वापरण्याच्या अटीवर तिने ते एका मासिकास दिले, आणि त्यावरून अँडी वॉरहॉलने चित्र केले. वॉरहॉलने मात्र त्यावरून एक सोडून चित्रांची मालिकाच केली होती. २०१६ साली गायक वारल्यावर मालिकेतील दुसरे चित्र मासिकाच्या मालकांनी मुखपृष्ठावर छापले आणि वॉरहॉलच्या प्रतिष्ठानास १०,००० डॉलर दिले. गोल्डस्मिथला पैसा नाही, नावही नाही. १८ मे २०२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी निकाल तिच्या बाजूने लागला: दोघांची चित्रे एकाच कामासाठी एकाच बाजारात विकली जात असतील तर 'मी त्यात नवा अर्थ घातला' एवढे म्हणून सुटका नाही. भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्ती केगन यांना, यामुळे नव्या कलेचा श्वास कोंडेल, अशी भीती वाटली. ती भीती पोकळ नाही. परंतु ज्यांचा श्वास आधीच कोंडला आहे त्यांची गणती कोणी करावी?

येथे आमचे काही विद्वान व्यवसायबंधू हरकत घेतील. बलवान कोण, दुर्बल कोण, हे पाहून कायदा चालत नसतो. तो सर्वांस सारखा, असे ते म्हणतील. हे वचन पुस्तकात शोभते. कूळ कायद्याने जमीनदार आणि कूळ यांना सारखे मानले काय? किमान वेतनाचा कायदा कोणाकडे पाहून झाला? १९९४ साली राजगोपाल खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अधिकाऱ्याच्या कारभारावरील टीका एका मापाने आणि खासगी नागरिकाच्या एकांताचा भंग दुसऱ्या मापाने मोजला. इतकेच काय, खुद्द कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती करून गीतकार व संगीतकार यांचा मानधनाचा हिस्सा त्यांनी स्वतः लिहून दिला तरी निर्मात्याकडे जाऊ नये अशी तरतूद केली. कारण निर्मात्यासमोर त्यांचा हात दबलेला असतो, हे संसदेस दिसले. कात्रीच्या बाबतीतच कायद्याने डोळे मिटावेत, याचे कारण आम्हास सापडत नाही.

मार्था रोस्लरचे उदाहरण आमच्यावर टाकले जाईल, म्हणून तेही सांगतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६७ ते १९७२ च्या दरम्यान, तिने मासिकांतील युद्धाची छायाचित्रे कापून अमेरिकेतील श्रीमंती दिवाणखान्यांच्या चित्रांत बसविली. तिच्या एका चित्रात चकचकीत घराच्या जिन्यापाशी जखमी मूल हातांवर घेतलेली व्हिएतनामी व्यक्ती उभी आहे. त्या व्यक्तीसही कोणी विचारले नव्हते, हे खरे. परंतु ते दुःख ज्यांच्या पैशाने विकत घेतले त्यांच्याच घरात नेऊन सोडले. आणि ती चित्रे तेव्हा युद्धविरोधी सभांतून, छायाप्रती काढून फुकट वाटली गेली. दुर्बलाचा चेहरा वापरला एवढ्याने आम्ही कोणास आरोपी करीत नाही. तो चेहरा कोणाविरुद्ध बोलतो आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशात जातात, हे दोन प्रश्न मात्र आम्ही प्रत्येक चित्रास विचारणार.

आता आपला कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही 'कलाकृती' आहे, मग ती कलागुणांनी युक्त असो वा नसो. आणि तिचा कर्ता फोटो काढणारा. कलम ५२ खाली खासगी उपयोग, टीका वा समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त, यांसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. राजकीय चिकटचित्र करणारास 'टीका' या एका शब्दाचाच आडोसा. तो पुरेल की नाही, हे न्यायाधीशाच्या मर्जीवर. पुरला नाही तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. नफ्यासाठी केले नसेल तर शिक्षा कमी करता येते, पण फिर्यादीचा ससेमिरा चुकत नाही. ब्रिटनने २०१४ साली आणि जर्मनीने २०२१ साली व्यंगचित्र, विडंबन आणि जुन्या तुकड्यांतून केलेली नवी रचना यांना कायद्यातच स्पष्ट सूट दिली. आपल्याकडे तसे वाक्य नाही. ते कलम ५२ मध्ये घातले पाहिजे. घेतल्याचा उगम सांगण्याच्या अटीसह घातले पाहिजे.

आणि तळाच्या थराचे काय? येथे आपल्या कायद्याची विषमता उघडी पडते. अमिताभ बच्चन यांना २०२२ साली आणि अनिल कपूर यांना २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, अरिजित सिंग यांना २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिले. त्यांच्या चेहऱ्याचा, आवाजाचा परवानगीवाचून धंदा करण्यास मनाई झाली. योग्यच झाले. परंतु ज्या गटारसफाई कामगाराचा फोटो संस्थांच्या अहवालांवर, देणग्यांच्या आवाहनांवर, प्रदर्शनांच्या भिंतींवर आणि आता संगणकाने शिवलेल्या चित्रांत फिरतो, त्याच्यासाठी अशी मनाई मागणारा वकील कोण उभा करील? चेहऱ्याला बाजारभाव असेल तर चेहऱ्याला हक्क, हा नियम आम्हास मान्य नाही. नफ्यासाठी चित्र विकले जात असेल तर त्यात ओळखू येणाऱ्या खासगी माणसास हरकतीचा आणि हिश्शाचा हक्क संसदेने लिहून द्यावा, अशी आमची मागणी आहे. सत्ताधाऱ्याची, पुढाऱ्याची, कंपनीच्या जाहिरातीची छबी यातून वगळावी. तेथे कात्री मोकळी राहिली पाहिजे.

तोपर्यंत जे हाती आहे ते तरी वाचकांनी सोडू नये. कायद्याचे कलम १७ असे सांगते की, मोबदला देऊन कोणी आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर उलट करार नसल्यास त्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक पैसे देणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. लग्नाचा, नामकरणाचा, आईवडिलांचा जो फोटो तुम्ही पैसे मोजून काढून घेतला तो तुमच्या परवानगीवाचून स्टुडिओवाल्याने काचेत लावू नये, जाहिरातीत कापून चिकटवू नये, असे तुम्हास सांगता येते. उलट, वस्तीत येऊन कोणी फुकट फोटो काढून नेले तर हे कलम तुमच्या उपयोगी पडत नाही. तेथे फोटो देण्यापूर्वीच तो कोठे छापणार, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. स्टुडिओची पावती मागून घ्यावी. तीवर तारीख आणि पैसे देणाराचे नाव असावे. ती चौकटीच्या मागच्या बाजूस चिकटवून ठेवली तर हरवत नाही.